सॉलोमन शेख्टर : एका यहुदी पंडिताचे चरित्र

यहुदी लोकांचा इतिहास आमच्या मंडळ्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे, असे आम्ही सहज बोलून जातो. अब्राहामाचे पाचारण, मिसर देशातील दास्य, दाविदाचे राज्य, बाबेलचा बंदिवास, ही हकीकत शब्बाथशाळेतील मुलगाही न अडखळता सांगतो. परंतु पुढे त्या लोकांचे काय झाले, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण थांबतात. सन ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेचे मंदिर जाळले आणि लोक देशोदेशी पांगले, येथवर सांगून आपण पुस्तक मिटतो. त्यानंतरची एकोणीसशे वर्षे जणू त्या लोकांनी काही लिहिले नाही, कोणास शिकविले नाही, लेकरांस मांडीवर घेऊन अक्षरे गिरवून घेतली नाहीत, असेच आपण धरून चालतो.

ही चूक केवळ खेड्यापाड्यांतील साध्या वाचकांचीच आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील नामांकित विद्यालयांतही हीच समजूत पसरलेली होती. तेथे इब्री भाषा शिकवीत, पण ती जुन्या करारापुरती. त्यापुढील यहुदी ग्रंथ म्हणजे कोरड्या नियमांचा ढीग, त्यात जिवंत भक्ती कोठची, असे मोठमोठे पंडित ते ग्रंथ न उघडताच सांगत. हा गैरसमज दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ज्यांनी भर सभेत व्याख्याने देऊन आपल्या लोकांची खरी हकीकत जगापुढे मांडली, आणि तीच हकीकत शोधण्यासाठी जे महिनाभर धुळीच्या ढिगात बसून राहिले, त्या रब्बी सॉलोमन शेख्टर यांचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करतो.

कोकणातील आमच्या वाचकांस यहुदी लोक परके नाहीत. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूस बेने इस्राएल लोकांची वस्ती फार जुनी. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांच्या उपयोगासाठी डॉ. जॉन विल्सन साहेबांनी सन १८३२ मध्ये इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापले होते. त्या घराण्यांपैकी पुष्कळ मंडळी आता इस्राएल देशात जाऊन राहिली आहेत; तरी त्यांची सभास्थाने इकडे उभी आहेत आणि त्यांची आठवण गावकरी अजून काढतात. शेख्टर यांचा जन्म मात्र फार दूरच्या मुलखातला.

रुमानिया देशात फोक्शान नावाचे गाव आहे. तेथे सन १८४७ च्या सुमारास एका गरीब यहुदी घरी जुळे मुलगे झाले. एकाचे नाव इस्राएल व दुसऱ्याचे श्नेऊर झल्मान; हेच पुढे सॉलोमन या नावाने प्रसिद्धीस आले. बाप यहुदी शास्त्राप्रमाणे जनावरे कापून देण्याचे काम करी. आपल्याकडे गावात मुलाणी असतो, तशाच प्रकारचे ते काम होय. आणि शेख्टर या आडनावाचा अर्थही तोच आहे. घर हसीद पंथाचे होते. हा पंथ अठराव्या शतकात पूर्व युरोपात निघाला. देव विद्वानांच्याच नव्हे तर अडाण्याच्या प्रार्थनेनेही प्रसन्न होतो, आणि त्याची सेवा खिन्न मनाने न करता आनंदाने करावी, ही त्याची मुख्य शिकवण. बापाने मुलास स्वतः शिकविले. तिसऱ्या वर्षी सॉलोमनास इब्री वाचता येऊ लागले, आणि पाचव्या वर्षी मोशेच्या पाच पुस्तकांशी त्याचा चांगला परिचय झाला. दहाव्या वर्षी त्यास घर सोडून परगावच्या धर्मशाळेत विद्येसाठी जावे लागले.

त्या काळी रुमानियातील यहुद्यांची स्थिती कठीण होती. ज्या मातीत ते जन्मले तेथे त्यांस नागरिकाचे हक्क नव्हते. सन १८७८ च्या बर्लिनच्या तहात ते हक्क द्यावेत असे ठरले, तरी रुमानियाच्या सरकारने ते फार थोड्यांस दिले. अशा देशात विद्येची भूक लागलेल्या तरुणाने राहावे कसे? शेख्टर प्रथम लेम्बर्ग येथे एका थोर रब्बींपाशी शिकले, नंतर विएन्नास गेले. तेथे माइर फ्रीडमान व आयझॅक हिर्श वाइस या दोन गुरूंच्या हाताखाली त्यांनी तालमूदाचा नव्या पद्धतीने अभ्यास केला. नवी पद्धत म्हणजे अशी की, ग्रंथ केवळ पाठ न करता जुन्या हस्तलिखित प्रती एकमेकींशी ताडून पाहावयाच्या, नकलकाराच्या चुका कोठे शिरल्या हे शोधावयाचे, आणि मूळ पाठ कोणता ते ठरवावयाचे. विएन्नातच त्यांस रब्बीची पदवी मिळाली. सन १८७९ मध्ये ते बर्लिनला गेले. तेथे क्लॉड माँटेफिओरे नावाचा एक सधन इंग्रज यहुदी तरुण शिकावयास आला होता. त्याने शेख्टर यांची विद्वत्ता पाहून सन १८८२ मध्ये आपला शिक्षक म्हणून त्यांस लंडनला नेले. त्याच वर्षी जुळा भाऊ इस्राएल पालेस्ताईन देशात शेती करावयास गेला. एकाच पाळण्यात वाढलेल्या दोघांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या.

लंडनमध्ये शेख्टर यांस दोन गोष्टी लाभल्या. एक, ब्रिटिश म्युझियम व ऑक्सफर्ड येथील इब्री हस्तलिखितांचे भांडार. आणि दुसरी, इंग्रजी भाषा. वयाच्या पस्तिशीत शिकावयास घेतलेली ही भाषा त्यांनी पूर्ण आपलीशी केली. मात्र उच्चार जन्मभर परदेशीच राहिला. सन १८८७ मध्ये माथिल्डे रॉट या सुशिक्षित बाईशी त्यांचा विवाह झाला. पतीचे इंग्रजी लेख वाचून त्यातील भाषा घोटून देण्याचे काम ती मोठ्या आवडीने करी. तिची ही मदत नसती तर शेख्टर यांचे पुष्कळ विचार इब्री व जर्मन जाणणाऱ्या थोड्या पंडितांपाशीच राहिले असते.

त्या काळी लंडनात यहुदी वाङ्मयाची गोडी वाढविण्यासाठी स्थापलेल्या मंडळांत सार्वजनिक व्याख्याने होत असत. सन १८८७ मध्ये अशाच एका सभेपुढे शेख्टर यांनी हसीद पंथावर व्याख्यान दिले. हा विषय सोपा नव्हता. इंग्लंडातील सुस्थितीतील यहुद्यांस पूर्वेकडील आपल्या गरीब बांधवांची, त्यांच्या लांब झग्यांची व मोठमोठ्याने गात केलेल्या प्रार्थनांची काहीशी लाज वाटे. व्याख्याते तर त्याच पंथात वाढलेले. त्यांनी त्या पंथाच्या मूळ पुरुषाची भक्ती, त्याचे दीनदुबळ्यांवरील प्रेम आणि देव सर्व ठिकाणी भरला आहे ही त्याची शिकवण आदराने सांगितली. परंतु पुढे चमत्कारांचा व्यापार मांडणारे गुरू निघाले, त्यांची गादी बापाकडून मुलाकडे चालू लागली, आणि साध्या लोकांची भक्ती त्या गुरूंच्या पायाशी अडकून पडली, हेही त्यांनी लपविले नाही. आपल्या घरच्या गोष्टीची स्तुती करणे सोपे, तशीच निंदा करणेही सोपे. परंतु प्रेम न सोडता खरे सांगणे कठीण. शेख्टर यांची व्याख्याने याच गुणाने वाखाणली गेली.

त्यानंतर विल्ना येथील महापंडित एलिया, तत्त्वज्ञ क्रोखमाल अशा अनेक विषयांवर त्यांनी व्याख्याने व लेख दिले. सन १८९५ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी बोलावणे आले, तेव्हा रब्बींच्या धर्मविचारांवर त्यांनी तेथे व्याख्यानमाला दिली. पुढल्या वर्षी त्यांच्या निबंधांचे पहिले पुस्तक निघाले. त्यात पंडितांबरोबरच बालकांवर व स्त्रियांवरही प्रकरणे आहेत. इतिहास म्हणजे राजांच्या लढाया व विद्वानांचे वाद एवढेच नव्हे. घरात आईने काय म्हटले, मूल शाळेत पहिल्या दिवशी कसे गेले, हाही इतिहासच होय, ही त्यांची दृष्टी त्या पुस्तकात दिसते.

दरम्यान सन १८९० मध्ये केंब्रिज विद्यापीठात तालमूद शिकविण्याच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली होती. तांबूस दाढीचे, विस्कटलेल्या केसांचे, खिशात कागद कोंबलेले हे गृहस्थ त्या जुन्या शहराच्या रस्त्यांत सर्वांच्या परिचयाचे झाले. तेथेच त्यांची दोन विद्वान बहिणींशी ओळख झाली, आणि त्या ओळखीतून त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य निघाले.

अॅग्नेस लुईसबाई व मार्गारेट गिब्सनबाई या स्कॉटलंडात जन्मलेल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या जुळ्या बहिणी होत. दोघीही विधवा, दोघींस ग्रीक, अरबी व सुरियानी भाषा अवगत. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांस पदवी देत नसे. ती सन १८४८ नव्हे, तर १९४८ मध्ये मिळू लागली, यावरून त्या किती आधीच्या, हे ध्यानात येईल. तरी सन १८९२ मध्ये उंटावरून वाळवंट ओलांडून त्या सीनाय पर्वताखालच्या मठात गेल्या, आणि तेथील एका चर्मपत्राच्या पोथीत लुईसबाईंस मोठा ठेवा सापडला. वर स्त्री संतांची चरित्रे लिहिलेली, व त्याखाली खरवडून टाकलेल्या जुन्या अक्षरांत चार शुभवर्तमानांचे अति प्राचीन सुरियानी भाषांतर! त्या विद्यापीठाच्या गावी या बहिणी जशा बाहेरच्या, तसेच रुमानियाहून आलेले शेख्टरही बाहेरचे. त्यांची मैत्री जमली यात नवल नाही.

सन १८९६ च्या वसंतात या बहिणी पूर्वेकडील प्रवासाहून परत आल्या, तेव्हा त्यांनी विकत घेतलेली काही जुनी इब्री पाने बरोबर आणली होती. पुष्कळशी त्यांस ओळखता आली. काही ओळखता येईनात. मे महिन्याच्या १३ तारखेस लुईसबाईंस शेख्टर रस्त्यात भेटले, तेव्हा तेवढी पाने पाहून जावीत अशी त्यांनी विनंती केली. शेख्टर घरी गेले. पाने चाळता चाळता एका फाटक्या पानावर त्यांची दृष्टी खिळली. ते पान बेन सीरा याच्या ज्ञानग्रंथाच्या मूळ इब्री प्रतीचे होते.

या ग्रंथाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण तो आपल्या मराठी शास्त्रात छापलेला नसतो. ख्रिस्तापूर्वी १८० च्या सुमारास यरुशलेमेत बेन सीरा नावाच्या शिक्षकाने नीतिसूत्रांसारखा हा बोधग्रंथ इब्रीत लिहिला. त्याच्या नातवाने मिसरात त्याचे ग्रीक भाषांतर केले. रोमन कॅथलिक मंडळी त्यास शास्त्रात गणते. यहुदी व प्रोटेस्टंट गणत नाहीत. मूळ इब्री ग्रंथ मात्र कित्येक शतके नाहीसा झाला होता, आणि ग्रीक व सुरियानी भाषांतरांवरच काम चालले होते. तेच मूळ, निदान त्याचे एक पान, शेख्टर यांच्या हाती आले. थोड्याच दिवसांत ऑक्सफर्ड येथेही त्याच पोथीची आणखी पाने असल्याचे आढळले.

ही पाने कोठून येत होती? कैरो शहराच्या जुन्या भागात, फुस्तात येथे, बेन एझ्रा नावाचे प्राचीन सभास्थान आहे. यहुदी लोकांत अशी चाल आहे की, ज्या कागदावर देवाचे नाव लिहिलेले आहे तो फाटला, जीर्ण झाला, तरी जाळावयाचा नाही अथवा उकिरड्यावर टाकावयाचा नाही. तो एका कोठडीत ठेवावयाचा व पुढे मनुष्याच्या देहाप्रमाणे आदराने पुरावयाचा. या कोठडीस गनीझा म्हणतात. फुस्तातच्या लोकांनी कागद कोठडीत टाकले, पण पुरले नाहीत. सुमारे अकराव्या शतकापासून ते तेथे साठत गेले, आणि मिसरच्या कोरड्या हवेने ते राखले. शेख्टर यांच्या आधीही काही जणांनी तेथून पाने नेली होती. परंतु सर्व ठेव्याचे मोल ओळखून तो एकत्र राखावा, हे शेख्टर यांनी मनात घेतले.

खर्च सेंट जॉन्स कॉलेजचे मुख्य चार्ल्स टेलर साहेब यांनी आपल्या खाजगी पैशातून दिला. टेलर साहेब स्वतः ख्रिस्ती पाळक असून रब्बींच्या वचनांचा एक ग्रंथ त्यांनी संपादिला होता. सन १८९६ च्या डिसेंबरात शेख्टर कैरोस पोचले. तेथील मुख्य रब्बींनी त्यांचा चांगला सत्कार केला, आणि कोठडीतून पाहिजे ते नेण्याची परवानगी दिली. कोठडीस दार नव्हते. शिडी लावून भिंतीतील एका भोकातून आत उतरावयाचे. आत काळोख, आणि कागदांचा ढीग. वरची पाने खालच्यांवर दडपून चिकटलेली. एकास हात लावावा तो दुसऱ्याचा चुरा व्हावा. शतकांची धूळ नाकातोंडात, डोळ्यांत, छातीत जाई. सुमारे चार आठवडे शेख्टर त्या ढिगात बसले. छापील कागद त्यांनी बाजूस सारले व हस्तलिखित तेवढे घेतले. पोती भरभरून सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला गेले. मग ते पालेस्ताईनात जाऊन आपल्या जुळ्या भावास भेटले. प्रकृती मात्र पूर्ववत झाली नाही. त्या धुळीने त्यांच्या छातीस जो अपाय झाला तो पुढे बाधत राहिला.

केंब्रिजच्या ग्रंथालयात एक खोली त्यांस मिळाली. तोंडानाकास फडके बांधून, धुळीचा झगा अंगात घालून, पेट्यांच्या रांगांमध्ये बसून ते एकेक तुकडा पाहात व निवडीत. शास्त्र एका पेटीत, प्रार्थना दुसरीत, तालमूद तिसरीत, हिशेब व पत्रे आणखी एकीत. सन १८९७ च्या ऑगस्टात त्यांनी लंडनच्या टाइम्स पत्रात या ठेव्याची हकीकत छापली, तेव्हा सर्वत्र चर्चा झाली. सन १८९८ मध्ये टेलर व शेख्टर या दोघांच्या नावाने तो संग्रह विद्यापीठास दिला गेला. एक ख्रिस्ती पाळक व एक यहुदी रब्बी यांची नावे त्या संग्रहावर आजही जोडीने वाचावयास मिळतात. पुढल्या वर्षी दोघांनी मिळून बेन सीरा याची सापडलेली इब्री प्रकरणे छापली.

त्या पेट्यांत काय निघाले? थोर रब्बी मायमोनिदिस यांच्या हातची अक्षरे निघाली. त्यांच्या धाकट्या भावाचे, दावीदाचे, एक पत्रही त्याच कोठडीतील कागदांत निघाले. व्यापारासाठी हिंदुस्थानकडे गलबताने निघण्यापूर्वी तांबड्या समुद्राच्या काठावरून त्याने ते लिहिले. पुढे तो समुद्रात बुडाला, आणि त्या दुःखाने मायमोनिदिस सुमारे वर्षभर अंथरुणास खिळले. मंगळूर बंदरी बाराव्या शतकात राहून मिरी व पितळी भांड्यांचा व्यापार करणाऱ्या अब्राहाम बेन यीजू नावाच्या यहुदी व्यापाऱ्याचे कागदही आहेत. एडनचे मित्र त्यास इतर जिनसांबरोबर लिहिण्यासाठी कागद भेट पाठवीत. याशिवाय लग्नाचे करार, सोडचिठ्ठ्या, भाकरी वाटावयाच्या गरिबांच्या याद्या, चाच्यांनी धरलेल्या कैद्यांस सोडविण्यासाठी केलेल्या विनवण्या, आणि मुलांनी अक्षरे गिरविलेली चित्रांची पाने. भाषा इब्री, अरामी व अरबी. अरबी मजकूरही बहुधा इब्री अक्षरांत लिहिलेला. हे लोक नुसते नियम मोजीत बसले होते, असे म्हणणाऱ्यांस या कागदांनी उत्तर दिले.

सन १९०२ मध्ये शेख्टर यांस न्यूयॉर्क येथील यहुदी धर्मविद्यालयाचे मुख्य नेमण्यात आले. त्या काळी पूर्व युरोपातून छळ व दारिद्र्य यांना कंटाळून यहुदी लोक लाखांनी अमेरिकेत येत होते. आईबाप जुन्या चालीचे, मुले नव्या देशाच्या वाऱ्याची, घरोघरी तंटा. आपला धर्म टाकल्यावाचून नव्या देशाचे नागरिक होता येते, आणि विद्या घेतल्याने श्रद्धा जात नाही, हे शिकविणारे रब्बी तयार करणे हे शेख्टर यांचे काम होते. लुई गिन्झबर्ग, अलेक्झांडर मार्क्स असे विद्वान त्यांनी जमविले व मोठे ग्रंथालय उभे केले. सन १९०९ मध्ये अब्राहाम लिंकन यांच्या जन्माची शंभरी आली, तेव्हा त्या थोर पुरुषावरही त्यांनी विद्यालयात व्याख्यान दिले. सन १९१३ मध्ये आपल्या विचारांच्या सभास्थानांचा त्यांनी एक संघ स्थापिला.

त्यांचे सर्वांत गाजलेले भाषण सन १९०३ चे होय. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिन येथे फ्रीडरिख डेलिट्श या जर्मन पंडिताने कैसरासमोर व्याख्यान देऊन, इब्री शास्त्रातील पुष्कळ गोष्टी बाबेलकडून उसन्या घेतल्या आहेत असे प्रतिपादिले होते, आणि त्यावर सर्व युरोपात वाद माजला होता. शेख्टर संशोधनाचे वैरी नव्हते; जुन्या प्रती ताडून पाहण्यात तर त्यांचा जन्म गेला होता. परंतु काही टीकाकार संशोधनाच्या नावाखाली यहुदी लोकांस तुच्छ ठरवीत होते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. ज्याने एखाद्या लोकांचे घर लुटले तो एक प्रकारचा शत्रू. आणि ज्याने त्यांचे शास्त्र, त्यांचा पूर्वजांचा मान व त्यांची आशा हिरावून घेतली तो सभ्य वस्त्रे ल्यालेला दुसरा शत्रू, असा त्या भाषणाचा आशय होता. हे शब्द ऐकणाऱ्यांस कडक वाटले. परंतु पुढे तीस-चाळीस वर्षांतच जर्मनीत जे घडले आणि साठ लाख यहुद्यांचा जो संहार झाला, तो ज्यांस ठाऊक आहे ते या भाषणास अतिशयोक्ती म्हणावयास धजणार नाहीत.

सन १९१० मध्ये गनीझातील एका अज्ञात पंथाचे नियम त्यांनी प्रसिद्ध केले. दिमिष्क देशी करार करून राहिलेल्या लोकांचा त्यात उल्लेख आहे. हा पंथ ख्रिस्तपूर्व काळचा असावा असे शेख्टर यांचे मत. पुष्कळांस ते पटले नाही. बेन सीरा याच्याविषयीही तंटा होताच. ऑक्सफर्डचे मार्गोलियूथ साहेब म्हणत की, कैरोतील इब्री मजकूर मूळ नव्हेच, तो नंतर कोणी भाषांतरावरून परत रचिला. शेख्टर यांच्या हयातीत या दोन्ही वादांचा निकाल लागला नाही.

सन १९१५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १९ तारखेस न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. यहुदी शास्त्राच्या नव्या इंग्रजी भाषांतराच्या मंडळात ते काम करीत होते. ते भाषांतर सन १९१७ मध्ये निघाले, ते त्यांस पाहावयास मिळाले नाही.

परंतु सत्यास उशीर झाला तरी ते हरवत नाही. सन १९४७ मध्ये मृतसमुद्राकाठी गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या, आणि पुढील काही वर्षांत त्यात शेख्टर यांनी छापलेल्या त्याच नियमग्रंथाच्या प्राचीन प्रती मिळाल्या. त्यांचा अंदाज खरा ठरला. सन १९६४ मध्ये मसादाच्या किल्ल्यात बेन सीरा याची इब्री गुंडाळी निघाली. तो किल्ला रोमी सैन्याने मंदिराच्या नाशानंतर थोड्याच वर्षांत घेतला, म्हणून ती गुंडाळी त्याहून जुनी. आणि तिचा पाठ कैरोच्या पानांशी बहुतांशी जुळला. त्या फाटक्या पानास ओळखणारा डोळा चुकला नव्हता. गनीझातील व्यापारी पत्रे व घरगुती कागद शेख्टर यांनी पेट्यांत राखून ठेवले होते. त्यांवर पुढे एस. डी. गॉइटाइन या पंडितांनी आपले उत्तरायुष्य घालविले, आणि त्या जुन्या समाजाचे संपूर्ण चित्र पाच मोठ्या खंडांत उभे केले. मंगळूरच्या व्यापाऱ्याची हकीकत आपल्यापर्यंत आली ती त्यांच्याच श्रमाने.

वाचकहो, या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? ज्या लोकांचे शास्त्र आपण दररोज उघडतो, त्यांच्याविषयी बोलताना आपण पुष्कळदा परूशी हा शब्द शिवीसारखा वापरतो, आणि उपदेशकही तसेच करतात. ते लोक आपल्या लेकरांस काय शिकवितात, मेजावर बसून कोणती प्रार्थना करतात, हे आपण त्यांस कधी विचारले आहे काय? टेलर साहेबांनी व त्या दोघी बहिणींनी विचारले. आपला विश्वास त्यांनी सोडला नाही, आणि शेख्टर यांनीही आपला सोडला नाही. तरी एकाच फाटक्या पानावर चौघांची डोकी एकत्र वाकली. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्याआधी त्याच्या तोंडून ऐकावे, त्याचा ग्रंथ त्याच्या भाषेत वाचावा, एवढा न्याय आपणही करू शकतो.

आणि आणखी एक गोष्ट. फुस्तातच्या लोकांस ठाऊक नव्हते की, भोकातून आत टाकलेली भाकरीची यादी आठशे वर्षांनी कोणी आदराने वाचील. आपल्या मंडळ्यांतही जुन्या पेट्यांत बाप्तिस्म्याच्या वह्या, पहिल्या पंतोजींची पत्रे, आजीच्या हातची गीतांची वही अशा वस्तू असतील. पावसाळ्यापूर्वी ती पेटी एकदा उघडून पाहावी. कागद उन्हात न टाकता वाऱ्यावर ठेवावेत, वाळवी लागली असेल तर झाडावी, आणि वाचता येईल तेवढे घरातील लेकरांस वाचून दाखवावे.